आजीची प्रार्थना आणि वावरातला कांदा

"रविवारी वावरात पाय ठेवलास तर मी मेले तरी रडायला येऊ नकोस!"

आजीनं सुनेला हे सकाळी सकाळी सुनावलं, तेही चर्चला जायच्या चपला पुसता पुसता. सून पाटी घेऊन दारात उभी आणि तिच्या मागे आभाळ काळंठिक्कर पडत चाललेलं.

"अहो आई, कांदा उपटून उघड्यावर पडलाय. भिजला की सडला. वर्षाचं पीक आहे."

"आभाळ कुणाचं? देवाचं. कांदा कुणाचा? त्याचाच. तो काय आंधळा आहे?"

"आंधळा नाही हो, पण तो पाटी उचलायला येत नाही ना!"

नात फिसकन हसली.

"दात काय काढतेस गं? वेणी घाल आधी!"

मुलगा, म्हणजे नातीचा बाप, आईसमोर तोंड उघडायचा ते फक्त घास घ्यायला. त्यानं एकदा आभाळाकडे बघितलं, एकदा आईकडे बघितलं, आणि जिची भीती जास्त तिच्या शेजारी जाऊन मुकाट उभा राहिला. सुनेनं पाटी अशी आपटली की कोंबड्या उडाल्या.

खरी काळजी होती ती नातीला. कांदा कोरडा घरात आला तर शहरातल्या मोठ्या शाळेत घालतो, असं बाप म्हणाला होता. नाही आला तर बसायचं घरी, आजीजवळ. आजीजवळ! नुसत्या विचारानंच तिची वेणी वाकडी झाली.

आजी भाविक होती, यात काही वादच नाही. बाप्तिस्मा, लग्न, नवऱ्याची शेवटची यात्रा, तिचं सगळं त्याच चर्चमध्ये झालं होतं. तापानं फणफणलेली असतानाही तिनं रविवार चुकवला नव्हता. उलट तिच्यामुळे अर्धं गाव तापानं फणफणलं होतं. नवऱ्याशी ती उभ्या जन्मात भांडली नाही. ती त्याची तक्रार थेट देवाकडे करायची, मोठ्यानं, नवरा शेजारी गुडघे टेकून बसलेला असताना. "प्रभू, या माणसाच्या तोंडाला विडीचा वास येतो, त्याला सुबुद्धी दे." प्रार्थनेत मध्येच कोण बोलणार? मुलं याच रीतीनं वाढवली, सुनेलाही याच रीतीनं नांदवलं. भाजी खारट झाली की सुनेच्या आधी ते स्वर्गात कळायचं.

आणि त्या चर्चची एक पद्धत होती. शेवटची प्रार्थना सगळ्यात वयस्कर माणसानं करायची आणि तिचं "आमेन" होईपर्यंत कुणी मान वर करायची नाही. आजीच्या बरोबरीचे सगळे केव्हाच देवाघरी गेले होते. लवकर सुटले, असं सून म्हणायची.

त्या रविवारी चर्च गच्च भरलं होतं. गावात बहुतेकांचा कांदा उघड्यावर होता, पण घरी राहायची छाती कुणाची होणार? पाळक पोरगेलासा होता, बिचाऱ्यानं उपदेश घाईघाईत आवरला. मग आजी उठली. घसा खाकरला.

"हे दयाळू प्रभू..."

बाहेर ढग गुरगुरला.

आजीनं पाळकासाठी प्रार्थना केली, त्याचं लग्न जमावं म्हणून. पाळक कानापर्यंत लाल झाला. मग आजारी लोकांसाठी केली, मग जे आजारी नसून आजाऱ्यासारखे लोळतात त्यांच्यासाठी. "आणि प्रभू, ज्या सुनांना तुझ्यापेक्षा कांदा मोठा वाटतो..." सुनेचे दात करकरले. वाऱ्यानं खिडकी धाडकन आपटली. पुढच्या बाकावरच्या सुतारानं हळूच एक डोळा उघडला.

"...आणि प्रभू, सुताराचा उजवा डोळा मीट!"

सुतारानं डोळा गच्च मिटला. आता वाऱ्याबरोबर ओल्या मातीचा वास आत आला. सगळ्या चर्चमध्ये चुळबुळ सुरू झाली, पण मान एकाचीही वर होईना. नातीला डोळ्यांपुढे सडलेला कांदा दिसला, मग मोठी शाळा दिसली, ती लांब लांब जाताना. तेवढ्यात आजी दम घ्यायला थांबली.

"आमेन!" नात ओरडली.

"आमेन!!" अख्खं चर्च गर्जलं. सुताराचा आवाज सगळ्यात मोठा. पुढच्या क्षणी दारात अशी चेंगराचेंगरी झाली की काय सांगावं! म्हातारे काठ्या विसरले. पाळकही झगा वर धरून पळाला. त्याचाही एक वाफा होता.

आजी आ वासून रिकाम्या बाकांकडे बघत राहिली.

वावरात बाप पाट्या भरत होता, सून ओतत होती, नात धावत होती. तिघं घामानं निथळत होती. ढीग झाला, ताडपत्री ओढली, तर वारा तिला पतंगासारखी उडवायला लागला. तीन कोपऱ्यांना तिघं लोंबकळली. चौथा कोपरा फडफडत सुटलेला.

बांधावर छत्री दिसली. आजी!

"आता मेले," नात पुटपुटली.

आजीनं छत्रीच्या दांड्याभोवतीच हात जोडले, डोळे मिटले. म्हणजे मिटल्यासारखे केले. "हे प्रभू, माझ्या मुलाला अक्कल दे, तो ताडपत्री उलटी धरून उभा आहे. वारा कुठून येतो हे त्याला दाखव. सुनेला म्हणावं, पाटीतले राहिलेले आत सार. आणि त्या कार्टीला... तिला नंतर बघू."

"आई, चौथा कोपरा धरा हो!" सून किंचाळली.

"रविवारी कामाला हात लावणार नाही!"

पहिला थेंब टपकन पडला. आजीनं आभाळाकडे असं बघितलं जसं सुनेकडे बघायची. मग तिनं छत्री मिटली, ती तरातरा चालत आली, फडफडणाऱ्या कोपऱ्याकडे वळली आणि मटकन त्याच्यावरच बसली. ताडपत्री जागच्या जागी गप्प झाली. वारा आला, आदळला, निघून गेला. पाऊस कोसळला. आजीच्या नाकावरून धार लागली, पण ती हलली नाही.

सून तिच्याकडे बघतच राहिली. "आई, हे काम नाही का?"

"काम कसलं? बसलेय मी," आजी खेकसली. "रविवारी म्हाताऱ्या माणसानं कुठं बसावं, तेही आता तुला विचारू का?"