वाटेतली भेट

डोंगरावरून उपनगरात उतरायचं आणि त्याच दिवशी परतायचं, असा बेत मुलगा जेवता जेवता आखत होता. आधी गाडीचे टायर, मग सोफ्याचं दुकान, मग सुनेचा चष्मा. आईच्या धाकट्या बहिणीचं घर सगळ्यात शेवटी, तेही वाटेत लागतं म्हणून.

"मावशीला खाली गाडीपाशीच बोलावू. पाच मिनिटांत उरकेल."

"अरे, तिला वर्षभर जिना उतरवत नाही!"

"मग खिडकीतून हात करेल की."

आईला शिसारी आली. याला गोवर झाला तेव्हा हीच मावशी घाट चढून आली होती आणि हा हिंडूफिरू लागेपर्यंत हलली नव्हती.

आईने ताट सरकवलं. "तुम्ही आणा सोफा. मी सकाळच्या बसने जाते. परत कधी यायचं, ते तिच्याकडे बसून ठरवीन."