नुसती खूण

“मिस्त्री, आटप लवकर! त्या गाडीची नाडी बघतोयस की तिच्याशी लग्न ठरवतोयस?”

मागच्या गाडीच्या खिडकीतून मास्तरांनी हाक मारली आणि रांगेतले सगळे हसले. मिस्त्रीही हसला. तो सहाव्या गाडीच्या चाकाशी उकिडवा बसला होता आणि त्याच्या गुडघ्यांनी पहाटेपासूनच असहकार पुकारला होता.

रॅलीचा तिसरा दिवस. बावीस जुन्या गाड्या, पाच दिवस, अकराशे किलोमीटर. ही काही वेगाची शर्यत नव्हती. प्रत्येक टप्प्यावर ठरलेल्या मिनिटाला पोचायचं, एवढंच. उशिरा पोचलात तरी गुण कापले, लवकर पोचलात तरी कापले. नोकरीत असताना जन्मात कधी वेळेवर कचेरीत न पोचलेली माणसं इथे सेकंदासेकंदासाठी हमरीतुमरीवर येत. प्रत्येक गाडीत एक चालवणारा आणि शेजारी एक रस्ता सांगणारा. सांगणाऱ्याच्या मांडीवर नकाशांची वही, गळ्यात घड्याळ. पुढचं वळण किती अंतरावर, किती अवघड, ते त्याने वाचायचं आणि चालवणाऱ्याने डोळे मिटून विश्वास ठेवायचा. मास्तरांच्या गाडीत हे काम त्यांच्या पत्नीचं, म्हणजे वहिनींचं. मास्तर भूगोल शिकवून निवृत्त झाले होते, पण त्यांना स्वतःच्या गावात रस्ता सापडत नसे, असं वहिनी चारचौघांत सांगत.

मिस्त्रीचं काम रोज सकाळी गाड्या सुटण्यापूर्वीचं. प्रत्येक चाकाचे नट तो लांब दांड्याच्या पान्याने आवळायचा. पान्यातून ‘कट्’ असा आवाज आला की नट पुरता बसला. मग नटापासून चाकापर्यंत पिवळ्या ऑइलपेंटची एक बारीक रेघ ओढायची. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटते आणि लांबूनही दिसते. नियम एकच होता. ज्याने आवळलं, त्यानेच रेघ ओढायची. ज्याच्या हाताखाली मिस्त्री काम शिकला, त्या माणसाने हा नियम पहिल्याच दिवशी कानाखाली वाजवून शिकवला होता, आणि त्या दिवसापासून चाळीस वर्षं मिस्त्रीने तो मोडला नव्हता.

मास्तरांची गाडी पुढे आली. वहिनी दार उघडून उतरल्या, हातातल्या वहीत वेळ टिपली आणि त्या दिवसाची नकाशाची पानं आणायला टेबलाकडे गेल्या.

“काल संध्याकाळी पुढचं उजवं चाक बदललंय रे,” मास्तर म्हणाले. “खिळा घुसला होता. मीच बदललं. तुला कशाला त्रास?”

“मग ते आधी बघतो.”

“अरे, बघतोस काय! अंगात जोर होता तेवढा लावून आवळलंय. मागे पंधरा गाड्या आहेत आणि तो निशाणवाला माझ्याकडे सासऱ्यासारखा बघतोय. नुसती खूण मार आणि सोड.”

मिस्त्रीने मागे पाहिलं. रांग खरंच लांब होती. सुटायच्या वेळा पाच मिनिटांनी मागे पडल्या होत्या आणि रॅली भरवणाऱ्या क्लबचे सेक्रेटरी दोनदा येऊन डोळे वटारून गेले होते. मास्तर काही नवशिके नव्हते. वीस वर्षं ते ही गाडी स्वतःच्या हाताने उघडत आणि जोडत होते. मिस्त्रीने ब्रश बुडवला, चारही चाकांवर भराभर रेघा ओढल्या आणि टपावर थाप मारली. तोवर वहिनी धावत येऊन बसल्या होत्या. गाडी गेली.

त्याने पान्याला हातही लावला नव्हता.

आदल्या संध्याकाळी काय झालं असेल, ते मिस्त्रीने नंतर मनातल्या मनात हजारदा जुळवलं. जॅकवर असताना चाकाचे नट नुसते हाताने बसवायचे असतात. गाडी खाली उतरवल्यावर मग पान्याने पुरते आवळायचे. मास्तरांना बहुधा नेमक्या त्याच वेळी कोणीतरी जेवायला हाक मारली. आणि सकाळी त्यांना आपण आवळलं असंच वाटत होतं. माणूस विसरतो. म्हणून तर मिस्त्री होता.

मिस्त्री सर्वांत मागच्या गाडीत असायचा. जी बंद पडेल ती दुरुस्त करायची, रस्त्यात पडलेलं उचलायचं. अकराच्या सुमारास घाटात त्याला रस्त्याकडेच्या चरात एक चाक आडवं पडलेलं दिसलं. तुटलेल्या रेलिंगशी गर्दी होती ती तिथून चाळीस पावलं पुढे, वळणावर. चरापासून वळणापर्यंत डांबरावर एक ताजी खोल चरी उमटली होती. मिस्त्रीने चाक उलटं करून पाहिलं. चारही भोकं रिकामी होती, आणि प्रत्येक भोकाशेजारी पिवळ्या रेघेचा अर्धा तुकडा होता.

कोणी बघायच्या आत त्याने ते चाक आपल्या गाडीत टाकलं. संध्याकाळी दरीतून मास्तरांची मोडकी गाडी वर ओढून काढली, तेव्हा तिच्या सुट्या भागांच्या ढिगात तेही टाकून दिलं. इतक्या उंचावरून पडल्यावर चाक निखळणारच, असं सगळ्यांनी धरून चालल्यामुळे कोणी काही विचारलं नाही. मास्तर जागीच गेले होते. वहिनी वाचल्या. खांदा आणि उजवा हात मोडला होता.

खरं सांगायचं तर मिस्त्री घाबरला. त्याच्या गॅरेजवर लोक येत ते त्याच्या हाताच्या भरवशावर. तो भरवसा गेला की मागे चार भिंती आणि तेलाचा वास. अपघातानंतर चौथ्या दिवशी त्याने सगळं बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “बोलून ते परत येणार आहेत का? तुरुंगात गेलात तर मी कोणाच्या तोंडाकडे बघायचं?” तो गप्प बसला, आणि बसलाच.

दोन महिन्यांनी क्लबातला एक जण ब्रेक बघून घ्यायला गॅरेजवर आला. चहा पिता पिता म्हणाला, “तुला कळलं का? वहिनींनीच कबूल केलं. त्या वळणाच्या आधी त्यांच्याकडून दोन पानं एकदम उलटली. वळण सांगायला उशीर झाला. मुलाला त्यांनी स्वतः सांगितलं म्हणे. तो म्हणाला, आई, तू बाबांना मारलंस. बापाला अग्नी दिला आणि त्याच दिवशी परत गेला. फोनसुद्धा धड घेत नाही.”

मिस्त्रीने हातातला पाना खाली ठेवला.

“ब्रेक उद्या बघतो,” तो म्हणाला आणि हात धुवायला गेला. साबण तीनदा लावला तरी ते स्वच्छ झाल्यासारखे वाटेनात.

रविवारी दुपारी तो वहिनींकडे गेला. तिसरा मजला. दार उघडायला त्यांना वेळ लागला, कडी डाव्या हाताने काढावी लागत होती. टेबलावर रॅलीची वही उघडी पडली होती. तिच्या दोन पानांचे कोपरे बोटं लागून लागून मऊ झाले होते.

“बघा ना,” त्या म्हणाल्या, जणू तो रोजच येत होता. “हे पान आणि हे पान. चिकटलेली नाहीत. मग उलटली कशी दोन्ही? मी रोज उलटून बघते. एकदाही तसं होत नाही.”

“वहिनी, बसा. मला सांगायचंय.”

“चहा ठेवते.”

“नको. आधी ऐका.” उभ्यानेच त्याने सांगून टाकलं. चाक चाळीस पावलं आधीच निखळलं होतं. गाडीने वळण घेतलंच नाही, कारण तिला पुढचं चाकच नव्हतं. तुम्ही एक मैल आधी सांगितलं असतं तरी काही फरक पडला नसता. नट मी आवळले नव्हते. नुसती खूण मारली.

वहिनी त्याच्याकडे बघत राहिल्या. मग त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं.

“किती चांगले आहात हो तुम्ही,” त्या म्हणाल्या. “परवा सेक्रेटरी येऊन गेले. म्हणाले, रस्ताच खराब होता. डॉक्टर म्हणाले, मास्तरांना चक्कर आली असेल. आता तुम्ही आलात. सगळे आपापल्या परीने माझं ओझं उचलायला बघताय. पण तुम्ही स्वतःवर एवढं घेऊ नका. तुमच्या हातून असं होणं शक्य नाही, हे सगळ्यांना माहीत आहे.”

“वहिनी, मी खरं सांगतोय.”

“ते चाक कुठाय मग?”

“भंगारात गेलं. मीच टाकलं.”

“म्हणजे दाखवायला काहीच नाही. बघा, तुम्हाला धड खोटंही बोलता येत नाही.” त्या चहा ठेवायला उठल्या.

दार समोर होतं. एवढं सांगून निघून गेला असता तरी त्याला कोणी काही म्हटलं नसतं. उलट सगळ्या क्लबात त्याच्या मनाच्या मोठेपणाचे गोडवे गायले गेले असते. मिस्त्री दाराकडे गेला नाही. तो टेबलाशी गेला आणि त्याने वही पहिल्या दिवसाच्या पहिल्या पानापर्यंत मागे उलटली.

“वहिनी, तुम्ही माझ्याकडे गाडी आल्याची आणि सुटल्याची वेळ लिहिता ना? रोज?”

“लिहिते की.”

“वाचा.”

त्यांनी चष्मा लावला. “पहिला दिवस. आलो सात दहा, सुटलो सात एकवीस.” पानं उलटली. “दुसरा दिवस. सात चार. सात पंधरा.” पुन्हा पानं उलटली. “तिसरा दिवस. सात अठरा...” आणि त्या थांबल्या.

मिस्त्री म्हणाला, “चार चाकांचे सोळा नट. पाना लावायचा, आवाज ऐकायचा, रेघ ओढायची. अकरा मिनिटांच्या आत ते काम होत नाही. माझ्याकडून चाळीस वर्षांत कधी झालं नाही.”

“सात एकवीस,” वहिनी म्हणाल्या. आवाज अगदी बारीक झाला होता. “तीन मिनिटं.”

“हो.”

त्या खुर्चीवर बसल्या. गॅसवर पाणी उकळत होतं, ते कोणी बंद केलं नाही. त्या म्हणाल्या, “घाटात मी म्हटलं होतं त्यांना, गाडी थरथरतेय. ते म्हणाले, रस्ता तसा आहे, तू वहीत बघ. मी वहीत बघितलं.” त्यांनी डावा हात तोंडावर धरला. रडू आलं ते आवाज न करता आलं. मिस्त्रीही रडला. त्याला बसायला कोणी सांगितलं नाही, आणि तो बसला नाही.

मग त्यांनी डोळे पुसले आणि विचारलं, “चाक त्यांनी बदललं होतं. सकाळी त्यांनीच म्हटलं का तुम्हाला, राहू दे म्हणून? ते घाई करायचे. मला ठाऊक आहे.”

मिस्त्रीने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. “नाही,” तो म्हणाला. “मास्तर काहीच बोलले नाहीत. माझाच आळस.”

वहिनींनी मान हलवली. त्यांनी ते मानलं की कळूनही सोडून दिलं, हे त्याला शेवटपर्यंत समजलं नाही.

“मी तुम्हाला माफ करू शकणार नाही,” त्या शांतपणे म्हणाल्या. “आज तरी नाही.”

“मी माफी मागायला आलो नाही, वहिनी. पोलिसांकडे उद्या जातो. तुमच्या आधी त्यांना सांगायचं नव्हतं.”

“पोलिसांचं उद्या बघा.” त्यांनी टेबलावरचा फोन उचलला आणि एकेक आकडा डाव्या अंगठ्याने दाबला. “हे त्याला मी सांगितलं तर त्याला वाटेल, आई स्वतःला वाचवतेय.”

घंटी बराच वेळ वाजली. मग एक तरुण, त्रासलेला आवाज आला. “आई, मी कामात आहे.”

“एक मिनिट थांब, बाळा. ठेवू नकोस. एक जण बोलणार आहेत.”

त्यांनी फोन मिस्त्रीच्या हातात दिला, गॅस बंद केला आणि खिडकीशी जाऊन पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. मिस्त्रीने फोन कानाशी धरला.

“मी मिस्त्री बोलतोय,” तो म्हणाला. “तुझ्या बाबांची गाडी मी बघायचो.”

“बोला,” मुलगा म्हणाला.

मिस्त्रीने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.