थांब म्हटलं तरी

"थांब म्हटलं की थांबायचंच नाही! याच्यापेक्षा आमच्या चर्चचा पाद्री बरा," ओसेई सेरवाच्या कानाशीच पुटपुटला.

सेरवाला हसू आलं नाही. थांबण्याचा सिग्नल मिळूनही टेबलावरचा पाण्याचा पंप कोरड्या बादलीत घरघरतच होता. संध्याकाळच्या ट्रकने असलेच पंप घानातल्या कुमासीहून उत्तरेच्या गावांना निघायचे होते. विहीर आटल्यावरही असाच फिरत राहिला, तर पंप जळणार आणि गाव तहानेलं राहणार.

सकाळपासून वायर बदलून झाली, बोर्ड बदलून झाला, एकमेकांवर खेकसून झालं.

"पंप थांबवणाऱ्या प्रोग्रामला दर सेकंदाला गदागदा हलवून उठवू या," ओसेई म्हणाला.

"म्हणजे रोग तसाच, वर मलम," सेरवा तडकली.

रोग तिला कळला होता. कर्नेल म्हणजे यंत्रातल्या सगळ्या प्रोग्रामांचा कारभारी. तो आधी बघायचा, कुणी हाक मारली का. मग प्रोग्रामला झोपवायचा. नेमकी मधल्या फटीत थांबण्याची हाक आली, की गेली वाया. आधी अंथरूण घालायचं आणि मग कानोसा घ्यायचा, एवढंच हवं होतं. तिने दोन ओळींची अदलाबदल केली. पंप मुकाट थांबला.

"मग पाठव की! कसली वाट बघतेस?"

वाट कसली बघणार? दुरुस्ती तपासणीला पाठवताना खाली लिहावं लागे: कुणाच्या कुठल्या बदलातली चूक ही. नियम वोफांचा. वोफा म्हणजे मामा. सगळ्यांना हाताला धरून शिकवणारे म्हातारे आन्सा. शुक्रवारी त्यांचा निरोप समारंभ. आणि त्या दोन ओळीही त्यांच्याच. हे ओसेईलाही ठाऊक होतं. म्हणून तर तो सकाळपासून वायरीच बदलत होता.

सेरवाने ती जागा कोरी ठेवून दुरुस्ती पाठवली.

थोड्या वेळाने वोफा मक्याच्या केंकीचा घास चघळत, चष्मा कपाळावर ढकलत आले.

"दुरुस्ती झकास. पण चूक कुणाची ते कोरं का?"

"फार जुनं आहे हो, वोफा. कुणी लिहिलं, कळत नाही," ओसेई घाईघाईने म्हणाला.

"इथे सगळं कळतं. तू गप जेव, मासा गार होतोय तुझा. सेरवा, ट्रक दारात उभा आहे. कोरं मी पुढे जाऊ देणार नाही. नियम विसरलीस?"

"नाही."

"मग?"

सेरवाने एकदा पंपाकडे पाहिलं, मग त्यांच्याकडे.

"वोफा, चूक तुमची आहे."