जुनैदच्या बाजूचा भात

मी एक जुना तांब्याचा थाळा आहे, मित्रांनो. बहरीनमधल्या सनद गावात, जमालुद्दीनच्या घरी कपाटावर कितीतरी वर्षं पालथा पडून होतो. घर रिकामं असलं की माझ्या काठावरून कुणाची तरी बोटं फिरायची. कुणाची, ते मला पक्कं ठाऊक होतं.

रत्नागिरीच्या तांबटाने मला ठोकून ठोकून घडवलं. एवढा मार खाऊन वाकडा झालो नाही, याचा मला अजून तोरा आहे. जमालुद्दीनच्या अम्माने मला गोधडीत गुंडाळून इकडे पाठवलं. मी तिच्या वेळचा, म्हणून तिच्या मुलांना अरेतुरेच करतो. त्यांची रीत अशी, की दस्तरखान, म्हणजे जेवणाची चादर, अंथरून मधोमध मला ठेवायचं आणि सगळ्यांनी माझ्यातच जेवायचं, ज्याने त्याने आपल्या बाजूचं. शेवटच्या माणसाचं पोट भरेपर्यंत कुणी उठायचं नाही, आणि थाळा तर मुळीच उचलायचा नाही.

ईदला धाकटा भाऊ जुनैद लेस्टरहून यायचा. तिथे त्याचं हॉटेल. दोघे भाऊ समोरासमोर बसले की मला अगदी चाटूनपुसून साफ करायचे. काय सुखाचे दिवस होते ते!

मग इंग्लंडने युरोपचा संघ सोडायचा का, यावर मतदान झालं, आणि पाठोपाठ ईद आली. जेवता जेवता जुनैद सहज म्हणाला, "मी बाहेर पडायलाच मत दिलं, भाई. आपल्याकडचा आचारी आणायचा तर व्हिसासाठी नाक घासावं लागतं. युरोपवाले पासपोर्ट दाखवून सरळ आत."

जमालुद्दीनचा घास हातातच राहिला. त्याची लेक निदा इंग्लंडातच राहते. तिचा नवरा गोव्याचा. आजोबांमुळे त्याला पोर्तुगालचा पासपोर्ट मिळालेला, त्याच्याच जोरावर त्यांचा संसार तिथे.

"त्या युरोपवाल्यांत माझी निदा आहे," तो म्हणाला. "तिला हाकलायला मत दिलंस तू?"

"तिला कोण हाकलतंय? काहीतरीच तुमचं. मी धंद्याचं बोलतोय."

"आणि मी पोरीचं."

जमालुद्दीन ताडकन उठला आणि हात धुवायला गेला. जुनैद खाली मान घालून बसून राहिला. जमालुद्दीनच्या बायकोला, खदिजाला, काय करावं सुचेना. शेवटी तिने मला उचललं. जुनैदच्या बाजूचा भात तसाच होता.

त्यानंतर फोन बंद. घरात वेगळी ताटं आली आणि मी कपाटावर हिरवा पडत गेलो. निदाला कुणी हाकललं नाही. दोघांना तिथे कायम राहायची परवानगी मिळाली. वाटलं, आता तरी बोलतील. पण "आधी त्याने फोन करावा" असं जमालुद्दीन म्हणत राहिला, आणि घरात दुसरं कुणी नसलं की माझ्या काठावरून बोटं फिरवत राहिला. तोवर कोरोना आला आणि जुनैद गेला. विमानं बंद होती, भावाला मातीलाही जाता आलं नाही.

परवा निदा माहेरी आली. तिने सलमाबादच्या एका वर्कशॉपमधून मला कल्हई करून आणलं, भात वाढला आणि आईबापांना हाताला धरून बसवलं. तिघं जेवली. माझी एक बाजू भरलेलीच राहिली. निदा मला उचलायला वाकली.

"राहू दे," जमालुद्दीन हलकेच म्हणाला. "जुनैद जेवतोय अजून."

भात गार झाला तरी कुणी उठलं नाही.

मित्रांनो, वाद घाला, हवा तेवढा घाला. फक्त समोरच्याचं जेवण होईस्तोवर बसा.