खळीचे पाच थर

आमच्या चौकात सकाळ वरून खाली उतरते आणि उतरायला तिला बराच वेळ लागतो. ल्यों शहराच्या या उतारावरची घरे रेशीम विणणाऱ्यांसाठी बांधलेली. माग मावावेत म्हणून छते उंच आणि खिडक्याही तशाच उंच. सातच्या सुमारास पाचव्या मजल्याच्या काचांवर उजेडाची फिकट रेघ उमटते, ताकासारखी पातळ. मग ती चौथ्या मजल्याच्या कठड्यावर वाळत घातलेल्या मोज्यांपाशी रेंगाळते. दगडी जिन्याच्या कमानींतून एकेक वळण घेत ती खाली येते, तेव्हा गेरूच्या भिंतींनी तिला आपला थोडा रंग दिलेला असतो. घरांच्या पोटातून या गल्लीतून त्या गल्लीत निघणारी वाट तळाशी आहे. तिथे उजेड पोहोचेपर्यंत दहा वाजतात. तोवर मी माझे काम उरकून घेत असे.

काम म्हणजे क्लेलियाच्या चेहऱ्याची डागडुजी.

तीन वर्षे आम्ही दोघांनी मिळून शहराच्या भिंतींवर कागदी चित्रे लावली. पिठाची शिजवलेली खळ, रुंद ब्रश, पातळ कागद. एवढेच आमचे सामान. हे काम करणाऱ्यांत एक न लिहिलेला नियम आहे: भिंतीला दिलेल्या कागदाला पुन्हा हात लावायचा नाही. मग तो पावसाचा, उन्हाचा, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या नखांचा. क्लेलिया हा नियम माझ्यापेक्षा कडकपणे पाळी.

जानेवारीत ती नांतला गेली. सहा महिन्यांच्या कामासाठी गेली आहे, असे मी सर्वांना सांगितले. त्याच आठवड्यात मी तिचा चेहरा आठवून काढला आणि चौकातल्या भिंतीवर लावला. ती परतेपर्यंत तो टिकायला हवा होता. म्हणून कोपरा सुटला की मी खळ लावी, गाल फाटला की त्यावर नवा गाल चिकटवी, डोळा धुऊन गेला की दुसरा काढी. आता सप्टेंबर उजाडला होता.

"काय रे गोन, भिंतीला लापशी भरवून झाली का?"

तळमजल्यावरच्या मादाम पेराशों खुर्ची घेऊन दारात बसल्या होत्या. या शहरात पोराला गोन म्हणतात. मी सव्वीस वर्षांचा झालो तरी त्यांच्या लेखी पोरच होतो.

"फक्त हनुवटी राहिली आहे, मादाम."

"हनुवटी कशाला, आता तिला कानटोपीच घाल. किती थर झाले?"

"पाच."

"माझ्या आजीच्या लग्नातल्या पोशाखालाही एवढं अस्तर नव्हतं." त्या हसल्या, मग हसू आवरून त्यांनी गुडघ्यावरचा रुमाल उगाच सारखा केला. "ऑरेल, ती बादली खाली ठेव."

मला नावाने त्या क्वचितच हाक मारीत. मी बादली ठेवली.

"गेल्या रविवारी क्लेलिया इथे आली होती. बरोबर एक मैत्रीण होती, तिला चौक दाखवत होती."

"रविवारी? मी तर घरीच होतो."

"ठाऊक आहे. तुझी खिडकी उघडी होती."

ब्रशवरची खळ माझ्या बुटावर ठिबकत राहिली.

"हा चेहरा पाहिला तिने?"

"बराच वेळ पाहिला. मग मला विचारलं, मादाम, ही बाई कोण? तुमचा तरुणपणीचा चेहरा का?"

"तुम्ही काय सांगितलंत?"

"हो म्हटलं. दुसरं काय सांगणार? मलाही जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू." मग त्या म्हणाल्या, "आठवडाभर मी हे पोटात ठेवलं. पण आज तू पुन्हा भरलेली बादली घेऊन उतरलास."

मी भिंतीकडे वळलो. पाच थरांखाली पहिला चेहरा कुठेतरी असणार. वरचा मात्र कोणाचाच नव्हता. भुवया माझ्या सवयीच्या होत्या, ओठ माझ्या एकटेपणाचे. ज्या मुलीला मी आठ महिने जपले, तिला क्लेलिया कधी भेटलीच नव्हती.

"घाईत असेल ती," मी म्हणालो. "तिची गाडी असेल."

"असेल."

"मादाम, तिने वर पाहिलं का? माझ्या खिडकीकडे?"

"मला दोनदा खोटं बोलायला लावू नकोस रे."

त्यांनी हात धरून मला उंबऱ्यावर बसवले आणि आतून कॉफीचा वाडगा आणून माझ्या ओंजळीत ठेवला. साखर विचारली नाही, दोन खडे टाकलेच होते. चेहऱ्याचा वरचा कोपरा सुटून हलत होता. मी उठलो नाही. इतके दिवस तो दाबताना मी स्वतःला काय सांगत आलो, ते आठवले: काम लांबले असेल, पत्ता बदलला असेल, ती येईलच.

क्लेलिया कामासाठी गेली नव्हती. ती मला सोडून गेली होती.