सोन्याचा भाव आणि साठ छर्रे

डब्यात अकरा छर्रे उरले तेव्हा विमलाने ते मोजणं सोडून दिलं आणि त्यांना चेहऱ्याने ओळखायला सुरुवात केली. एकाला डाव्या अंगाला बारीकसा पोचा होता, एक जरा काळवंडला होता. रोज एकच झाडायचा, असं तिने ठरवलं. सकाळी पोईचा पाव, चहा, ब्लडप्रेशरचं औषध आणि एक छर्रा.

सात वर्षांपूर्वी विमलाचा उजवा खांदा धरला होता. हात रोज खांद्याच्या रेषेत उचलून धरा, असं डॉक्टर म्हणाले. पण मुळगावात घराच्या उघड्या जनेलापाशी हात पुढे करून उभं राहिलं की रस्त्यावरचा माणूस थांबून विचारतो, काय हवं? तिने तीन दिवस उत्तरं दिली. चौथ्या दिवशी ती डिचोलीच्या नेमबाजी क्लबात गेली. क्लब म्हणजे बंद खाणीच्या वजनकाट्याची शेड. एकेकाळी तिथे खनिजाचे ट्रक तोलत, आता दहा मीटरवर पुठ्ठ्याची कार्डं टांगलेली असत. तिथे हात पुढे करून उभं राहिलं तर कुणी काही विचारत नव्हतं, उलट हातात किलोभर वजनाचं एअर पिस्तूल देत होतं. खांदा तीन महिन्यांत सुटला. पिस्तूल सुटलं नाही. ते तिने फंडाच्या पैशातून विकतच घेतलं.

आता ती एकोणसाठ वर्षांची होती, मामलेदार कचेरीतून निवृत्त. आयुष्यात अशी एकच जागा होती जिथे ती उभी असताना तिच्याकडे कुणी चहा मागत नसे. आणि ती जागा आता अकरा छर्ऱ्यांवर आली होती.

पाचशे छर्ऱ्यांचा परदेशी डबा पूर्वी सातशे रुपयांना यायचा. मग हजार झाला, मग अठराशे. मग त्याला किंमतच राहिली नाही, कारण तो मिळेनासा झाला.

“कंटेनर वाटेत आहे,” पणजीचा दुकानदार फोनवर म्हणाला.

“कुठे पोचलाय?”

“समुद्रात.”

“कुठल्या समुद्रात?”

“मावशी, समुद्राला काय वॉर्ड नंबर असतात?”

क्लबचा सेक्रेटरी प्रथमेश हा सरळ मनाचा मुलगा. त्याने तिला समोर बसवून नियम समजावला. “काकी, म्हापशाच्या स्पर्धेत साठ छर्ऱ्यांत पाचशे गुण मिळवलेत की तुम्ही पात्र. मग संघटना तुमच्या नावावर वर्षभर छर्रे मागवते. बाजारभावाची कटकट नाही.”

“आणि छर्रेच नाहीत तर पाचशे गुण कसे मिळवू?”

“सराव करून.”

“सराव कशाने?”

प्रथमेशने बैठकीची वही काढली. “हा मुद्दा बैठकीत आला होता.”

“मग?”

“त्याची नोंद घेतली.”

विमलाने स्वतः एकतीस वर्षं नोंदी घेतल्या होत्या. त्यामुळे आता आशा नाही हे तिला लगेच कळलं. स्पर्धेला पंचवीस दिवस होते. घरी नवरा महादेव, पूर्वीचा खनिजाचा ट्रक ड्रायव्हर, पिस्तुलाकडे बघून म्हणाला, “गो, नाहीच जमलं तर दाराला अडकण म्हणून लाव. वारा आला की दार आपटतं.” तो चेष्टा करत नव्हता. त्याला दाराची खरंच काळजी होती.

त्या रात्री तिला झोप आली नाही. सकाळी उठून तिने शेडमधल्या कार्डांमागच्या पत्र्याच्या पेट्या उपसल्या. सात वर्षांचं चेपलेलं शिसं निघालं, तांब्याभर. ते पिशवीत घालून ती डिचोलीच्या बाजारात शंभू शेटांकडे गेली.

शंभू शेट पिढीजात सोनार. सोनं दहा ग्रॅमला लाखाच्या वर गेल्यापासून त्यांच्या दुकानात फक्त माश्या येत, आणि त्याही भाव विचारून जाव्यात तशा लगेच जात. शेट दिवसभर रिकामा काटा पुसत बसत. विमलाने पोचा आलेला छर्रा त्यांच्यापुढे ठेवला. त्यांनी डोळ्याला भिंग लावलं.

“बाय, हे कुठलं घडकाम?”

“जर्मनीचं.”

“कंबर बघा कशी आणलीय. आणि खाली परकराचा घेर.” शेटांनी छर्रा काट्यावर टाकला. “चार गुंजा. धातू?”

“शिसं.”

शेटांनी भिंग काढलं. तीन पिढ्यांत त्या काट्यावर शिसं चढलं नव्हतं. त्यांनी एकवार देव्हाऱ्याकडे बघितलं, एकवार रिकाम्या दुकानाकडे, आणि मग म्हणाले, “साचा करावा लागेल. घडणावळ पडेल. तुमचं शिसं मोडीत धरतो, घट कापून.”

“शिशाला घट?”

“बाय, घट माणसाच्या जन्मालासुद्धा आहे.”

पहिल्या आठवड्यातले चौदा छर्रे चाचणीत गेले. त्यातले दोन कार्डाला लागले, एक शेजारच्या कार्डाला, बाकीचे कुठे गेले ते खाणवाल्यांना ठाऊक. शेटांना ते फार लागलं. त्यांनी साचा मोडून दुसरा केला, प्रत्येक छर्रा कानशीने घासला, काट्यावर तोलला, पुन्हा घासला. आता छर्रे एकाच भोकातून जाऊ लागले. फक्त एक अडचण होती. दिवसाला सात. शेटांना सात म्हणजे सात. आठवा करायला सांगितलं तर ते डोळे मिटून घेत.

विमलाने हिशेब मांडला. शेट रोज रिकामे राहिले तर स्पर्धेच्या आदल्या संध्याकाळी साठ पुरे होत होते. एक दिवस जरी शेटांना गिऱ्हाईक आलं तर संपलं. म्हणजे सोनं महाग राहायला हवं होतं. नुसतं महाग नाही, वाढत राहायला हवं होतं.

अडचण अशी की घरातच एक बाई सोनं उतरायची वाट बघत होती.

ती तिची धाकटी जाऊ, सुमंगला. घर एक, चुली दोन. सुमंगलाच्या गौरवीचं लग्न तुळशीनंतर ठरलं होतं. सहा बांगड्या आणि एक हार करायचा होता, आणि करायचा तो शंभू शेटांकडेच, कारण या घराचं सोनं दुसऱ्या कुणी कधी घडवलंच नव्हतं. शेटांचे हात दोनच. ते काम घेतलं की महिनाभर दुसरं काही नाही.

रोज सकाळी दोघी जावा एकाच पेपरवर वाकत.

“वाढलं मरे, वयनी,” सुमंगला कळवळून म्हणायची.

“वाढलं गो,” विमलाही तितक्याच कळवळून म्हणायची. अंगणापलीकडे गेल्यावर मात्र तिला भूक लागायची.

सोमवारी दोघी नार्व्याला गेल्या. सप्तकोटेश्वरासमोर हात जोडून शेजारी शेजारी उभ्या राहिल्या. सुमंगलाचे ओठ हलत होते, विमलाचेही. देवाच्या दरबारात त्या दिवशी एकाच घरातून एकाच विषयावर परस्परविरोधी दोन अर्ज दाखल झाले. बाहेर आल्यावर सुमंगलाने विचारलं, “वयनी, तुम्ही कितें मागितलं?”

“तेच,” विमला म्हणाली. “सोन्याचं.”

सुमंगलाने तिचा हात घट्ट धरला. “तुमचा केवढा जीव आहे गौरवीवर.”

बसमध्ये विमला खिडकीकडे तोंड करून बसली. आपण किती खाली आलो आहोत, याचा तिने अंदाज घ्यायचा प्रयत्न केला. तळ दिसला नाही.

स्पर्धेच्या आधीच्या बुधवारी सोनं उतरलं. चांगलं घसघशीत उतरलं. शेटांकडे अडतीस छर्रे तयार होते. सुमंगला नवी साडी नेसून, पदराखाली पैशांची पिशवी धरून दारात उभी राहिली. “चला वयनी, शेटांकडे. आजच देऊन टाकू काम.”

विमलाच्या डोळ्यांपुढे बावीस छर्रे उभे राहिले, न जन्मलेले, परकर नेसून.

“थांब,” ती म्हणाली. “सोमवारपर्यंत थांब. अजून उतरेल.”

“खरंच?”

“मी कचेरीत होते गो. असल्या गोष्टी मला कळतात.”

कचेरीत विमला जातीचे दाखले द्यायची. पण सुमंगलाने ते विचारलं नाही. ती आत गेली आणि तिने साडी बदलली. साडी घडी घालतानाचा आवाज विमलाला भिंतीपलीकडून ऐकू आला.

शुक्रवारी सोनं असं चढलं की पेपरवाल्याने मोठ्या अक्षरात छापलं. सहा बांगड्यांच्या चार झाल्या, हार गेला तो गेलाच. सुमंगला ओसरीवर बसून राहिली. विमलाने चहाचा कोप पुढे केला तेव्हा ती म्हणाली, “तुम्ही तरी काय करणार, वयनी. आमचं नशीबच वाकडं.” तिने एखादी शिवी दिली असती तर बरं झालं असतं. महादेवाने हे सगळं पाहिलं आणि दाराला दगड लावला.

शनिवारी संध्याकाळी साठावा छर्रा तयार झाला. साठच, एकही जास्त नाही. जर्मन डबा केव्हाच रिकामा झाला होता.

रविवारी म्हापशाला पंधरा मिनिटं तयारीची मिळाली. त्या वेळात हवे तितके छर्रे झाडून नेम बसवता येतो. सगळ्यांची पिस्तुलं फट्फट् वाजत होती. विमला हात बांधून उभी होती.

“बाई, काही बिघाड आहे का?” पंचाने विचारलं.

“नाही. मी विचार करते आहे.”

मागच्या बाकावर महादेव, शंभू शेट आणि सुमंगला बसले होते. सुमंगला उसळीचा डबा घेऊन मुद्दाम आली होती. घरात निदान एकीचं तरी बरं होवो, असं ती म्हणाली होती. विमलाने ते ऐकलं नसल्याचं दाखवलं होतं.

पहिला छर्रा सहावर लागला. दुसरा आठवर, मग नऊ, नऊ, दहा. प्रत्येक छर्रा उचलताना शेटांचा हात तिला बोटांना जाणवत होता. मागून मात्र दर फटक्याला शेटांचा सुस्कारा येई, आपलं घडकाम कुणी पाट्यावर ठेचावं तसा. चाळीस झाले तेव्हा तिचे तीनशे त्रेचाळीस गुण होते. हात स्थिर होता. जगात त्या काळ्या ठिपक्याशिवाय काही नव्हतं.

मग मागून सुमंगलाचा दबका आवाज आला. ती शेटांना सांगत होती, “बुधवारी येणार होते हो तुमच्याकडे. वयनी म्हणाल्या थांब. त्यांनी मायेनेच सांगितलं.”

एकेचाळिसावा पाचवर लागला. बेचाळिसावा चारवर. त्रेचाळिसाव्याला विमलाने पिस्तूल खाली घेतलं, पुन्हा उचललं, पुन्हा खाली घेतलं. असं चार वेळा झालं. घड्याळ चालत होतं. तिच्या कपाळावरून घाम ओघळून चष्म्यात आला. हा एक तास मिळावा म्हणून तिने पुतणीचा हार घालवला होता, आणि आता तो तासही हातातून चालला होता. ती रडली नाही, कारण रडलं की ठिपका हलतो. उरलेले छर्रे तिने दात आवळून एकेक करून झाडले.

एकूण पाचशे एक.

प्रथमेश धावत आला. “काकी, पात्र! तुमच्या नावावर छर्रे मंजूर!”

“किती?”

“दोन डबे. वर्षाला.”

“कधी?”

“कंटेनर आला की.” त्याने कागद चाळला. “आणि राष्ट्रीय स्पर्धा बरोब्बर एका महिन्याने. दिल्लीला. सराव जोरात करा हं.”

विमला बाकावर येऊन बसली. सुमंगलाने डबा उघडला. उसळीचा वास आला आणि विमलाला ते सहन झालं नाही.

“सुमंगला, सोन्यातलं मला काही कळत नाही. शेट रिकामे राहावेत म्हणून मी तुला थांबवलं. छर्ऱ्यांसाठी.”

सुमंगलाचा उसळीने भरलेला डाव हवेतच राहिला. शेटांनी भिंग शोधायचं नाटक केलं. महादेव पंख्याकडे बघू लागला.

“किती छर्रे?” सुमंगलाने शेवटी विचारलं.

“साठ.”

“माझ्या पोरीच्या दोन बांगड्या आणि एक हार. साठ छर्ऱ्यांना.”

“त्यातले दहा-बारा वायाच गेले,” विमला म्हणाली. खोटं बोलायची ताकद तिच्यात उरली नव्हती.

सुमंगलाने डबा बंद केला. झाकण नीट लागलं की नाही ते दोनदा तपासलं. मग ती उठून दाराशी जाऊन उभी राहिली, पाठ करून. ती गेली असती, पण गाडीची किल्ली महादेवाकडे होती.

विमलाने आपल्या डाव्या हाताकडे पाहिलं. पिस्तुलाच्या हातात काही घालायला परवानगी नसल्याने तिच्या चारही पाटल्या सात वर्षं डाव्या हातात होत्या. “शेट, ह्या मोडीत घ्या. गौरवीच्या दोन बांगड्या आणि हार करा.”

“बाय, मग महिनाभर मला दुसरं काम नाही. छर्रे नाहीत, बघा.”

“माहीत आहे.”

पाटल्या निघेनात. महादेवाने बाथरूममधून हात धुण्याच्या साबणाची बाटली आणली. तो मनगट धरून ओढत होता, शेट “हळू, हळू, घट येईल” म्हणत होते. तिसरी पाटली बोटांच्या मुळाशी अडकली तेव्हा सुमंगला दारातून परत आली आणि तिने विमलाचा अंगठा तळव्यात जोरात दाबला. जरुरीपेक्षा बराच जोरात. पाटली सुटली. चौथीसुद्धा.

“दुखलं?” सुमंगलाने विचारलं.

“हो.”

“बरं झालं,” सुमंगला म्हणाली आणि साबणाचे हात पुसायला गेली.

विमला उभी राहिली. सवयीने ती रेषेवर गेली आणि तिने रिकामा उजवा हात ठिपक्याकडे उचलला. शरीर उजवीकडे कललं. सात वर्षं डाव्या बाजूला तोलून धरणारं वजन आता शेटांच्या रुमालात होतं. नेम नक्कीच सरकला असणार. किती, ते बघायला एकही छर्रा नव्हता.