मोकळा ट्रेलर

रतिलाल नानांनी गाडीच्या मागच्या आसातल्या क्राऊन चाकाच्या दात्यांना निळा रंग चोपडला, त्यात बसणारं छोटं पिनियन हातानं सावकाश फिरवलं आणि वाकून बॅटरीच्या उजेडात पाहिलं. रंग दात्यांच्या बरोबर मध्यावर पुसला गेला होता.

"ये, बघ," ते म्हणाले. "डाग असा मध्ये पडला की समजायचं, दोघांचं जमलं. कडेला पडला तर जन्मभर किरकिर."

"लग्नासारखंच की, नाना."

"लग्नात रंग लावून बघता येत नाही, बाबा."

योगेंद्र हसला. धुळ्याच्या पारोळा चौफुलीजवळच्या या गॅरेजात त्याची दांडगी एसयूव्ही कालपासून लोखंडी घोड्यांवर चढवून ठेवली होती. त्यानं तिला हौसेनं मोठे टायर बसवले होते आणि लग्नसराईत तो तिच्यामागे जनरेटरचा ट्रेलर ओढत असे. तेव्हापासून गाडी धापा टाकू लागली होती.

"मोठं चाक म्हणजे लांब ढांग," नाना म्हणाले. समोर कुणीही असलं तरी ते शाळेतल्या पोराला सांगावं तसंच सांगत. "लांब ढांगा टाकणाऱ्याच्या पाठीवर पोतं दिलं की त्याचे गुडघे वाकतात. मी तिची पावलं आखूड केली. पुढच्या आसातही तसेच दाते घातले, नाहीतर पुढचे पाय एका चालीनं आणि मागचे दुसऱ्या. आता ती पावलं जास्त टाकेल, पण दमायची नाही."

योगेंद्र खिशातली किल्ली चाळवत राहिला.

"नाना, जनरेटर असला की ती कुरकुरत का होईना, ओढते. ट्रेलर मोकळा असला की अडते."

"मोकळा?"

"आमच्या गावाच्या वेशीत. गावात शिरतानाच. बाहेर पडताना काही नाही."

"चढ असेल."

"ताटासारखं सपाट आहे."

नानांनी चिंधीला हात पुसले. मग म्हणाले, "ट्रेलरचं चाक धरत असेल कुठंतरी. मी येतो बरोबर. अमळनेरहून लेकीला आखाजीच्या सणाला आणायचंच आहे, तुझं गाव वाटेतच."

दुपार कलल्यावर दोघे निघाले. नवे दाते असल्यामुळे नानांनी मोकळाच ट्रेलर जोडू दिला आणि वाटेत थांबून दात्यांवरचं लोखंडी कवच, हौसिंग, गार करायला लावलं. कडुनिंबाच्या सावलीत गाडी उभी राहिली, तसे नाना ट्रेलरखाली डोकावले. त्यांनी एकेक चाक उचलून फिरवलं. दोन्ही चाकं भिंगरीसारखी फिरली.

"चाकं तर मोकळी आहेत. हा आस बैलांच्या टायरगाडीचा दिसतो?"

"आमच्याच गाडीचा. आबांची. घरामागं पडून होती, वेल्डरकडे नेऊन कापली, तिचाच हा ट्रेलर केला."

"कोण आबा? तुझे वडील, अमृत भगत?" नाना सरळ झाले. "म्हणजे बारागाड्यांतली पहिली गाडी?"

योगेंद्रनं पाण्याची बाटली तोंडाला लावली.

आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, बारा गाड्या एकामागे एक साखळीनं बांधायच्या, त्यांत माणसं खच्चून बसायची, आणि एकट्या भगतानं त्या वेशीपासून खंडेरावाच्या देवळापर्यंत ओढायच्या. अंगाला हळद, हातात मोरपीस, दोन्ही बाजूंना दंड धरून चालणारे दोन बगले. योगेंद्रच्या घराण्यात हे पिढ्यान् पिढ्या चालत आलं होतं. आबा गेल्यावर गावानं त्याच्याकडे पाहिलं आणि त्यानं नकारार्थी मान हलवली. गेल्या आखाजीला गाड्या निघाल्याच नाहीत.

"नाना, खरं सांगू? मागून लोक ढकलतात. भगत नुसता पुढं चालतो."

"ढकलत असतील."

"आबा म्हणायचे, ओढताना मागं बघायचं नाही. मागं बघितलं की वजन येतं. खरं म्हणजे बघितलं की ढकलणारे दिसतात, म्हणून तसं म्हणायचे."

"असेल तसंही," नाना म्हणाले आणि हौसिंगला हात लावून पाहू लागले.

तेवढ्यात फोन वाजला. आई होती, झुंबरबाई. ती एरवीही मोठ्यानंच बोलत असे.

"योगेंदर, लोके औंदा गाड्या जोडतस रे. पहिली गाडी कोठे शे, अशे इचारतस. काय सांगू?"

"सांग, मोडली म्हणून."

तिनं ते कानाआड केलं. मग ती म्हणाली, "आज देव्हारामा तुना बापना हातनं कडं पुसं मी. गरम व्हतं." आणि तिनं फोन ठेवला.

"काय म्हणते आई?"

"काही नाही. ऊन लागलं असेल खिडकीतून."

पुढचा रस्ता गाडी लोण्यासारखी धावली. नाना डोळे मिटून नुसते ऐकत होते. दाते घुमत नव्हते, कुठं खडखड नव्हती. काट्यावरचा वेग तेवढा खोटा दिसत होता. ते नीट करायचं राहिलंय, असं नानांनी आधीच सांगून ठेवलं होतं.

वेस दिसली तेव्हा ऊन पिवळं पडलं होतं. वेशीबाहेरच्या मैदानात अकरा गाड्या एका रांगेत साखळीनं बांधून उभ्या होत्या. जू, खुंट्या, सगळ्याला गेरू लावलेला. रांगेच्या तोंडाशी एका गाडीपुरती जागा सोडलेली होती. जोडणारे घरी गेले होते. एकटा सुपडू दगडावर बसून चिलीम ओढत होता. तो आबांचा डावीकडचा बगल्या. उजवीकडचा सुरतेला पोराकडे निघून गेला होता.

रस्ता त्या जागेवरूनच गावात जात होता. योगेंद्रनं सवयीनं आरशात पाहिलं.

गाडी थांबली.

इंजिन बंद पडलं नव्हतं. त्यानं खालचा गिअर टाकला, चारही चाकांना जोर दिला. टायर धुळीत घुमले, खड्डे पडले, गाडीचं नाक वर उचललं गेलं. आरशात ट्रेलरची मोकळी फळी दिसत होती, तिच्यावर केळीचं एक वाळलेलं पान. तेही हलत नव्हतं.

"बस, बस! दाते खाशील!" नाना ओरडले आणि उतरले.

त्यांनी ट्रेलरच्या चाकांपाशी हात नेला. हब थंड होते. मग ते गुडघ्यांवर बसले आणि तसेच राहिले. योगेंद्र वाकला. ट्रेलरच्या स्प्रिंगच्या पाट्यांची कमान पार सपाट झाली होती. जनरेटर ठेवल्यावरही ते एवढे दबत नसत.

नानांनी पाट्यांवरून बोट फिरवलं.

"हुक काढ," ते शेवटी हळूच म्हणाले. "गाडीचा जीव वाचव आधी."

योगेंद्रनं हुकाचा खटका उघडला. ट्रेलरची दांडी पायावर आदळेल म्हणून त्यानं पाय फाकले, दोन्ही हातांनी ती धरली, कण्याला ताण दिला. दांडी अलगद वर आली. नाना स्टिअरिंगवर बसले आणि त्यांनी एसयूव्ही जरा पुढे घेऊन बाजूला लावली. ती झटक्यात निघाली.

दांडी हातात घेऊन योगेंद्र उभा राहिला. खाली ठेवावी, म्हणून तो एक पाऊल पुढं सरकला. ट्रेलर त्याच्यामागून आला. बोट धरलेल्या पोरासारखा, मुकाट.

तो थांबला. ट्रेलर थांबला. मागे पाटे करकरले, गर्दीतली माणसं सावरून बसावीत तसे.

सुपडूनं चिलीम दगडावर ठेवली, चपला काढल्या. जवळ येऊन त्यानं योगेंद्रचा डावा दंड धरला. त्याच्या हाताला तंबाखूचा वास होता.

"काका, उद्या शे ना आखाजी," योगेंद्र म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच परका वाटला.

"उद्या शेच. मांगे दखू नको. चाल."

देवळाचा कळस समोर उन्हात लकाकत होता. नाना एसयूव्हीच्या दारापाशी उभे राहून ट्रेलरकडे पाहत होते. पाहता पाहता त्यांनी डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली.

योगेंद्रनं पाऊल उचललं. तेवढ्यात त्याच्या उजव्या दंडालाही कुणीतरी धरलं. पकड ओळखीची होती, लहानपणी गर्दीत आबा धरायचे तशी, अंगठा आतून लावलेली. आणि दंडावर काहीतरी धातूचं टेकलं होतं, उन्हात राहिल्यासारखं गरम.

त्याची मान वळू लागली होती. त्यानं ती कळसाकडे धरून ठेवली आणि पुढचं पाऊल आखूड टाकलं.